आठ आणे

प्रश्नावलीत बावन्न प्रश्न होते.
त्रेपन्नावा आक्काताई व्हटकरांनी विचारला,
सुभाषनगरात, घराच्या पायरीवर,
भिजल्या चामड्याची वादी दातात धरून:
"आनि ह्याचं पुढं काय करतायसा?"

निबंध, म्हटलं. हैदराबादला परिषद आहे.
"बरं," म्हणाल्या,
आणि वेणीचा पुढचा पेड घातला.

माझे वडील जकात नाक्यावर कारकून.
शिरोलीकडून ट्रक यायचा, बांबू आडवा पडायचा,
पेन्सिल कानामागे ठेवून ते पावती फाडायचे.
मला वाटायचं, कर म्हणजे तो बांबू:
समोर दिसतो,
पैसे दिले की वर जातो.
पुढं जकात गेली. नाक्याच्या खोलीत आता नीरा मिळते.
बांबू गेला कुठे,
खरं तर एवढाच माझ्या संशोधनाचा विषय.

वर्गात मी सांगते:
कायद्यानं भरणारा कोण, याला फारसा अर्थ नसतो.
ज्याला हलता येत नाही
त्याच्यावर कर जाऊन बसतो.
गिऱ्हाईक हलतं, चप्पल नाही तर सँडल घेतं.
दुकानदार हलतो, शेजारी पर्सा टांगतो.
चामडं तर चेन्नईहून येतं, आपला भाव आपणच सांगत.
उरतं कोण?
पोरं वहीत लिहून घेतात. उत्तर कुणी देत नाही,
परीक्षेला येत नाही म्हणून.

एकशे ब्याऐंशी घरं. अकरा दुकानं.
तेलकट डागांच्या वह्या, तीन वर्षांच्या.
पाचाचे बारा टक्के झाले त्या वर्षी
दुकानातली पाटी जागची हलली नाही.
वेणीची मजुरी दीड रुपयावरून एक झाली.
कुणी आदेश काढला नाही,
कुणी मोठ्यानं बोललंसुद्धा नाही.
माझ्या तक्त्यात तो शून्य दशांश सहा आठ आहे,
डोक्यावर तीन चांदण्या,
म्हणजे खात्रीचा.
मला तो सापडायला अठरा महिने लागले,
आक्काताईंना एक शनिवार.
"सरकारचा दर वाढला म्हनं. तवापास्नं आठ आनं गेलं."

आणि ते एकटे गेले नाहीत.
जाताना शनिवारची अंडी घेऊन गेले.
मोहसीन अंडीवाल्याची सायकल
त्या बोळाशी थांबेनाशी झाली,
त्यानं मागच्या टायरचं काम पुढच्या महिन्यावर टाकलं,
पंक्चरवाल्या दादू घाटग्यानं पोराची शिकवणी.
तिथून पुढं माझ्याकडे आकडा नाही.
अर्थव्यवस्था म्हणतात ती बहुतेक
तिथूनच सुरू होते.

परिषदेच्या आदल्या दिवशी
महाद्वाराजवळच्या चप्पल लाइनीत गेले.
सात पेडांची वेणी, लाल गोंडा,
चौदाशे म्हणाला.
नेहमीच्या सवयीनं म्हटलं, कमी करा.
त्यानं इकडंतिकडं बघितलं.
"बिल नको असलं तर सव्वाशे सोडतो, मॅडम."

मी गेली बावीस वर्षं
करनीती शिकवते.

पिशवी हातात घेऊन
मी बाहेर आले.

सभागृहात फरशी संगमरवरी होती.
माइककडे निघाले, तर प्रत्येक पावलाला
कर्र. कर्र.
पहिल्या रांगेतल्या कुणी विचारलं, नमुना कुठला?
कोल्हापूर, म्हटलं,
आणि अख्ख्या सभागृहानं हसून
माझ्या पायांकडे पाहिलं.

दुकानदार म्हणाला होता, आठ दिवस वाजंल,
मग पायाला सवय हुते.

दीड महिना झाला.
पाटा मऊ पडलाय, अंगठा बसलाय नीट.
अजून वाजते.